वीसच्या खालची मोटारसायकल

मोटारसायकलची चर्चा निघाली की ती वेगाकडेच जाते. किती सीसी, पिकप कसा, शंभरला किती सेकंदांत पोचते. मुरुडात राहणाऱ्या माणसाला या आकड्यांचा उपयोग खेडच्या पुढे महामार्गाला लागल्यावर होतो, तोही वर्षातून चार-पाच वेळा. एरवी त्याची गाडी वीसच्या खालीच चालते. बेड्यातून, म्हणजे आवाराच्या फाटकातून, बाहेर काढायची, गडग्याच्या कोपऱ्यावर वळवायची, आगरातल्या नारळांचं पोतं मागे बांधून पाखाडीचा चढ चढवायचा, हर्णैच्या बंदरावर लिलावाच्या गर्दीतून वाट काढायची, दाभोळच्या फेरीबोटीवर लोखंडी पत्र्यावरून चढवायची. या सगळ्यात काटा दहाच्या आसपास असतो. आणि वीसच्या खाली मोटारसायकल हे वेगळंच वाहन असतं. तिचं वजन जाणवायला लागतं, हँडल हातात वळवळतं, चालवणाऱ्याच्या कमरेला काम पडतं.

हे मुरुड दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं. जंजिऱ्याचं मुरुड रायगड जिल्ह्यात आहे, आणि पर्यटकांची गल्लत होते म्हणून सांगितलं. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फुटांवर आहे. तिथून तेरा-चौदा किलोमीटरांत रस्ता आसूदच्या पोफळींमधून उतरत किनाऱ्याला येतो. उतारावर रस्ता इतका अरुंद होतो, की समोरून एसटी आली तर दुचाकीवाल्यालाही कडेला थांबून पाय टेकावा लागतो. गावात आलं की दोन्ही बाजूंना जांभ्याच्या चिऱ्यांचे गडगे, वर माडांची सावली, आणि पावसाळ्याचे चार महिने त्या सावलीत वाळायचं नाव न घेणारं शेवाळ.

प्रश्नाची गाठ इथेच आहे. दहाच्या वेगाने तीन मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं तर गाडी सुमारे पंधरा अंश कलते, आणि टायरला जमिनीकडून एकूण वजनाच्या सव्वीस टक्क्यांइतकी आडवी पकड लागते. बुळबुळीत चिऱ्यावर ती मिळेलच याची खात्री नाही. वेग पाचवर आणला तर हीच गरज सात टक्क्यांच्या आत येते. म्हणजे जमीन सांगते, हळू जा. तोल मात्र नेमकं उलट सांगतो. वेग जितका कमी तितकी गाडी उभी ठेवणं अवघड. कोकणातला दुचाकीस्वार पावसाळाभर या दोन हुकमांच्या मध्ये अडकलेला असतो, आणि त्याची सुटका करण्याची ताकद असते ती फक्त हँडलमधून हाताला लागणाऱ्या जाणिवेत. ती जाणीव येते कुठून, कशाने मरते आणि कशाने जिवंत राहते, याचा हा आढावा.

आधी तोलाबद्दल. चालती दुचाकी उभी का राहते, याचं घरोघरी ऐकू येणारं उत्तर म्हणजे फिरती चाकं भोवऱ्यासारखी असतात, म्हणून. यात तथ्य आहे, पण थोडं. तळहातावर काठी तोलताना काठी ज्या बाजूला झुकते त्या बाजूला आपण हात नेतो, दुचाकीत हेच काम पुढचं चाक करतं. गाडी उजवीकडे कलली की हँडल उजवीकडे वळतं, चाकं उजवीकडे सरकतात आणि कललेल्या वजनाच्या खाली जाऊन उभी राहतात. सगळं सावरणं या एका क्रियेवर आहे. तिची गंमत अशी, की हँडल ठरावीक कोनात धरलं तर चाकं आडवी सरकण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वीसच्या वेगाला हँडल एक अंश वळवून जेवढी सावरणी होते, तेवढ्यासाठी पाचच्या वेगाला सुमारे सोळा अंश वळवावं लागतं. म्हणूनच हळू जाणाऱ्या माणसाचं हँडल सारखं डावी-उजवीकडे फिरताना दिसतं. तो घाबरलेला असतो असं नाही. गाडीला तेवढं लागतंच.

शास्त्रज्ञांनी या प्रश्नावर सव्वाशे वर्षं घालवली आहेत. १८९९ साली केंब्रिजच्या फ्रान्सिस व्हिपल या तरुणाने सायकलच्या तोलाची समीकरणं पहिल्यांदा नीट मांडली. १९७० साली डेव्हिड जोन्स या रसायनशास्त्रज्ञाने सायकलला उलट फिरणारं जादा चाक जोडून भोवऱ्याचा परिणाम रद्द केला, आणि तरीही ती सायकल त्याला सहज चालवता आली. हात सोडून चालवणं तेवढं कठीण गेलं. पुढच्याच वर्षी रॉबिन शार्प या ब्रिटिश अभियंत्याने मोटारसायकलच्या तोल सुटण्याच्या तीन तऱ्हा वेगळ्या करून दाखवल्या : हळूहळू एका बाजूला पडत जाणं, सगळी गाडी नागमोडी डुलणं, आणि फक्त पुढचा फोर्क थरथरणं. २०११ साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये एका विचित्र सायकलीचा प्रयोग छापला. तिच्यात भोवऱ्याचा परिणामही नव्हता आणि पुढचं चाक मागे ओढलं जाण्याची नेहमीची सोयही नव्हती, तरी ढकलून दिल्यावर ती स्वतःचा तोल सांभाळत जात होती.

मला यात मुरुडच्या कामाचा वाटतो तो मात्र याच गटातल्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला हिशोब. त्यांनी नमुना म्हणून धरलेली सायकल, वर माणूस निश्चल बसलेला आणि हात सुटलेले, साधारण साडेपंधरा ते पावणेबावीस किलोमीटरच्या वेगादरम्यान आपली आपण सावरते. साडेपंधराच्या खाली डुलणं वाढत जातं आणि ती पडते. मोटारसायकलीचे आकडे वेगळे येतील, पण चित्र हेच आहे. एका वेगाखाली यंत्र आपलं काम सोडून देतं आणि ते माणसाच्या अंगावर येतं. आपल्या पाखाड्या, बंदर, अंगण हे सगळं त्या रेषेच्या खालचं जग आहे.

आता यंत्राची ठेवण. सायकलचा चिमटा सरळ खाली न येता थोडा पुढे झुकून येतो, तसाच मोटारसायकलचा फोर्क. मोटारसायकलीत हा झुकाव बहुधा चोवीस ते अठ्ठावीस अंशांचा असतो. हँडल ज्या रेषेभोवती फिरतं ती रेषा कल्पनेने जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर टेकतो त्या जागेच्या पुढे येते. या दोन बिंदूंमधलं अंतर बहुतेक गाड्यांत आठ ते अकरा सेंटिमीटर भरतं, त्याला ट्रेल म्हणतात. ऑफिसातल्या खुर्चीची चाकं ढकलल्या दिशेच्या मागे वळून येतात, तसंच इथेही टायर मागे ओढला जातो आणि हँडल सरळ होऊ बघतं. हाताला लागणारा जोर मुख्यतः याच अंतरातून येतो. टायरखाली पकड चांगली असेल तर हँडल भरीव लागतं. पकड सुटायला लागली की ते क्षणभर पोकळ होतं. शेवाळावर हे पोकळ होणं हीच धोक्याची पहिली खूण असते, आणि ती डोळ्यांच्या आधी हाताला कळते.

पण झुकावाला दुसरी बाजूही आहे. उभ्या गाडीचं हँडल वळवलं की तिचं पुढचं तोंड किंचित खाली येतं, म्हणून हँडल आपल्याच वजनाने आणखी आत पडू पाहतं. वेगात हे कळत नाही. अंगणात गाडी वळवताना मात्र हँडल अचानक ‘आत पडलं’ असं जे वाटतं, ते हेच. फोर्क जितका जास्त कललेला आणि ट्रेल जितका मोठा, तितकं हे पडणं जास्त. लांब पल्ल्याच्या गाड्या रस्त्यावर स्थिर आणि गल्लीत जड वाटतात त्याचं मोठं कारण हे.

गावातल्या गाड्या या कसोटीला लावून बघता येतात. स्प्लेंडर १९९४ साली आली, आणि तिच्याही आधी १९८५ची सीडी १०० होती. या घराण्याने कोकणातले चढ-उतार आपलेसे केले त्याला मायलेजइतकंच कारण या गाड्यांच्या वजनाचं आणि आटोपशीर लांबीचं आहे. स्प्लेंडर सुमारे एकशेबारा किलोची, आणि दोन चाकांमधलं अंतर १,२३६ मिलिमीटर. याउलट क्लासिक ३५० एकशेपंचाण्णव किलोची, चाकांमधलं अंतर १,३९० मिलिमीटर. दोन्हींचं हँडल चाळीस अंश वळतं असं धरलं, तर गाडी पूर्ण फिरवताना क्लासिकच्या पुढच्या चाकाला सुमारे दीड फूट जास्त रुंदी लागते. दापोलीच्या बाजारात दीड फूट म्हणजे काहीच नाही. दोन गडग्यांमध्ये दीड फूट म्हणजे एका दमात वळणं किंवा पाय टेकून दोनदा मागे घेणं, आणि ओल्या चिऱ्यावर पाय टेकून दोनशे किलो मागे ओढण्याची वेळ आली की अनेक चांगले चालवणारेही गाडी आडवी करतात. पर्यटक हल्ली हिमालयन घेऊन येतात. एकवीस इंची पुढचं चाक खड्ड्याला आणि दगडाला जुमानत नाही, ते खरं. पण तिची लांबी पाखाडीत वळवायला नको वाटते.

लोक म्हणतात बुटकी गाडी सावरायला सोपी. तोलाच्या हिशोबाने हे बरोबर नाही. तळहातावर पेन्सिल तोलून बघा आणि मग झाडू तोलून बघा. उंच वस्तू सावकाश पडते, तिला सावरायला वेळ मिळतो. बुटक्या गाडीचा खरा फायदा पायाचा आहे. पाय जमिनीला पुरतो हे माहीत असलं की हात मोकळे राहतात, हात मोकळे असले की हँडल बोलतं. उंचीने कमी असलेल्या माणसांना, विशेषतः बायकांना, मोटारसायकल ‘जड’ वाटते तेव्हा अनेकदा ती जड नसते, तिची सीट उंच असते. पाय अधांतरी राहण्याची धास्ती हाताच्या पकडीत उतरते आणि हँडल करकचून धरलं जातं. १९८४ सालच्या कायनेटिक होंडाने आणि नंतर अ‍ॅक्टिवाने गावोगावच्या बायकांना दुचाकी दिली, त्यामागे क्लच नसणं होतं तसंच हे पाय पोचणंही होतं. स्कूटरचं इंजिन मागच्या चाकापाशी असल्याने पुढचा भाग हलका, चाकं लहान, त्यामुळे हँडल भराभर वळतं. कोरड्या अंगणात हे सुख आहे. शेवाळावर तेवढीच खबरदारी हवी, कारण हलकं हँडल हाताला कमी सांगतं.

इथवर कारखान्यातून येणाऱ्या गोष्टी झाल्या. आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे तो भाग. फोर्कच्या डोक्याशी, हँडलखाली, एक वर आणि एक खाली अशी बेअरिंगची जोडी असते. गॅरेजात तिला बॉल रेस किंवा कोनसेट म्हणतात. साध्या गाड्यांमध्ये वाट्यांत सुटे छर्रे बसवलेले असतात. हँडल कसं वाटेल याचा निकाल, माझ्या अनुभवात, गाडीच्या किमतीपेक्षा या जोडीवर जास्त लागतो. आणि कोकणात हीच जोडी सगळ्यात आधी मरते. वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाऱ्या वाऱ्याची ओल, आणि वर किनाऱ्यावर नेलेली गाडी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुण्याची सवय. ग्रीस वाहून जातं, छर्ऱ्यांना गंज चढतो. शिवाय गाडी बहुतेक वेळ सरळ चालते आणि सरळ चालतानाच खड्ड्यांत आपटते, त्यामुळे छर्रे वाटीत नेमक्या मधल्या जागी आपटून बारीक खाचा पाडतात.

खाच पडलेली गाडी पन्नासला व्यवस्थित चालते. म्हणूनच मालकाला काही कळत नाही. दहाला मात्र हँडल मधोमध अडकतं. गाडी जराशी डावीकडे कलते, हँडलने आपण होऊन डावीकडे वळायला हवं, पण ते खाचेत बसलेलं असतं. मग चालवणारा जोर लावतो, हँडल खाचेतून सुटून गरजेपेक्षा जास्त वळतं, गाडी उजवीकडे जाते, पुन्हा तेच. बघणाऱ्याला वाटतं या माणसाला चालवता येत नाही. मी स्वतः एका पावसाळ्यात असाच महिनाभर चालवत होतो आणि वय झालं म्हणून हाताला दोष देत होतो. शेवटी एका गॅरेजात कोनसेट बदलून घेतला, तर तिथे नट इतका आवळून दिला की परिस्थिती आणखी बिघडली. घट्ट बॉल रेस खाचेइतकीच वाईट. हँडल चिखलात रुतल्यासारखं फिरतं, गाडी सावकाश नागमोडी जाते, आणि टायरकडून येणारा निरोप बेअरिंगच्या घर्षणात विरून जातो. वेगात तो निरोप मोठ्याने येतो, त्यामुळे थोडं घर्षण चालून जातं. हळू चालताना तो कुजबुजीएवढा असतो.

पुढे एका जुन्या मिस्त्रीने नट अर्ध्या आट्याहूनही कमी सैल केला, पुढचं चाक हवेत उचलून मला दाखवलं आणि म्हणाला, “हँडल मोकलं हवं, सैल नको.” सगळी परीक्षा त्या एका वाक्यात आहे. गाडी मधल्या स्टँडवर लावा, कोणाला तरी मागे दाबायला सांगून पुढचं चाक अधांतरी करा. हँडल मध्यावर आणून एका बोटाने जरा ढकला. ते दोन्ही बाजूंना आपल्या वजनाने शेवटपर्यंत पडलं पाहिजे. मध्यावर अडखळलं तर खाच, जागीच थांबून राहिलं तर घट्ट. मग फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवा. कट्‌ असा धक्का हाताला लागला तर सैल, आणि सैल कोनसेटची गाडी पुढचा ब्रेक दाबला की ठोकते. याला पाच मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. हँडल दोन्ही टोकांना वळवून इंजिनाचा आवाजही ऐकून घ्यावा. हँडल पूर्ण वळवलं की इंजिन आपोआप रेस होत असेल तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल चुकीच्या वाटेने नेलेली असते. अरुंद वळणावर अर्ध्यात गाडी पुढे झेपावते ती यामुळे, आणि समोर गडगा असतो.

टायरबद्दल थोडक्यात. पुढच्या टायरात हवा कमी असली की हँडल जड आणि सुस्त होतं, म्हणून कंपनीने सांगितलेली हवा, साध्या गाड्यांत पुढे साधारण पंचवीस, दर पंधरवड्याला बघावी. मागचा टायर महामार्गावर मधोमध झिजून चपटा झाला की गाडी आधी कलायला तयार होत नाही आणि मग एकदम कलते.

त्यापेक्षा ओझ्याचा विषय मोठा आहे, कारण इथे रिकामी गाडी फारशी चालतच नाही. मागच्या चाकाच्याही मागे लोंबणारं नारळाचं पोतं पुढचं चाक उचलू पाहतं. हँडल पिसासारखं हलकं होतं आणि नेमकं चढावर, जिथे वेग सगळ्यात कमी, तिथे गाडी भरकटते. तेच पोतं सीटवर पुढे सरकवून, माणसाच्या पाठीला टेकवून बांधलं की फरक लगेच कळतो. गॅसचा सिलिंडरही तसाच. आणि एक सवय मोडायला हवी, ती हँडलला पिशवी अडकवायची. हर्णैहून मासळी आणताना दोन्ही मुठींना पिशव्या लोंबत असतात. हळू वेगात हँडलला क्षणाक्षणाला इकडेतिकडे वळायचं असतं. पिशवी आधी मागे राहते, मग झोका घेऊन हँडललाच ओढते. दोन किलोच्या सुरमईने वळणावर गाडी पाडलेली मी पाहिली आहे.

कायद्याने आणि कारखान्याने अलीकडे जे बदल केले त्यांचा हळू वेगावर काय परिणाम झाला, याकडे फार कोणी बघितलेलं नाही. १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना जोडब्रेक आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी हे चांगलंच झालं. पण जोडब्रेकमध्ये मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. हळू वळताना मागचा ब्रेक हलकेच धरून गाडी ताठ ठेवणं ही जुनी युक्ती, आणि शेवाळावर वळलेल्या पुढच्या चाकाला तेवढा ब्रेकही नको असतो. म्हणून अशा गाडीवर वेग वळणाच्या आधीच उतरवावा आणि वळणात पेडलवर पाय अगदी हलका ठेवावा. २०२०च्या एप्रिलपासून बीएस सहाच्या नियमाने साध्या गाड्यांतही कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. काही गाड्या त्यामुळे पहिल्या गिअरात अ‍ॅक्सिलरेटर उघडताना हिसका देतात, आणि साखळी ढिली असेल तर तो हिसका दुप्पट होतो. विजेच्या स्कूटरचा मला या बाबतीत भरवसा वाटतो. मोटर शून्यापासून एकसंध ओढते, क्लचची भानगड नाही, आणि २०२०मध्ये आलेल्या विजेच्या चेतकसारख्या गाड्यांना रिव्हर्स आहे. दोन गडग्यांमध्ये अडकलेल्या माणसाला रिव्हर्सचं मोल विचारा.

आता चालवणारा. आपल्याकडे लायसन्सच्या परीक्षेत जमिनीवर आखलेला आठचा आकडा पाय न टेकता काढायला लावतात. कल्पना उत्तम आहे. हळू वेग, दोन्हीकडची वळणं, क्लच आणि ब्रेकचा मेळ, सगळं तिच्यात येतं. कमतरता एवढीच, की लोक तो आकडा परीक्षेपुरता पाठ करतात आणि परत कधी काढत नाहीत. जपानमध्ये मोटारसायकलच्या परीक्षेत पंधरा मीटर लांब आणि तीस सेंटिमीटर रुंद अशा उंचावलेल्या पट्टीवरून गाडी न्यावी लागते. मोठ्या गाडीच्या परीक्षेत ती पार करायला किमान दहा सेकंद लावायचे असतात. म्हणजे वेग साडेपाच किलोमीटरपेक्षा कमी. लवकर पोचलात तर गुण जातात. आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत हळू सायकल चालवण्याची शर्यत असते तीही हेच शिकवते : सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकला, पाय टेकला तो बाद. मला ही शर्यत शंभर मीटरच्या धावण्याइतकीच मोलाची वाटते. ती जिंकलेली मुलं पुढे मोटारसायकल हातात घेतात तेव्हा वेगळी दिसतात. त्यांचे खांदे सैल असतात.

मुख्य युक्त्या तीनच. इंजिनाला हवं तेवढं फिरू द्यायचं आणि वेग हाफ क्लचने ठरवायचा, म्हणजे चाकाला ओढ सतत राहते. कोरड्यावर मागचा ब्रेक किंचित धरायचा, त्याने गाडी ताणलेल्या दोरीसारखी होते. आणि नजर चाकासमोर न ठेवता जिथे जायचं तिथे ठेवायची. गडग्याकडे बघणारा गडग्यावरच जातो, हे मुरुडातलं कुठलंही पोर सांगेल. अगदी लहान वळणात गाडी आत कलवून आपण कमरेतून बाहेर राहायचं, म्हणजे कमी वेगातही गाडी जास्त कलते आणि कमी जागेत वळते. मात्र हे कोरड्या जमिनीवर. चिरा ओला असेल तर वळण शक्य तितकं मोठं घ्यायचं, आणि अगदीच नाइलाज असेल तर उतरून गाडी हाताने न्यायची. त्यात कमीपणा नाही.

वाळूचा प्रकार उलटा आहे. कोरड्या भुसभुशीत वाळूत पुढचं चाक नांगरासारखं रुततं आणि वळलं की वळतच जातं. तिथे हळू जाण्याचा उपयोग होत नाही. वजन मागे, हात सैल आणि ओढ कायम ठेवली तरच गाडी निघते. पण हे सांगतानाच मला सांगायचं आहे, की मुरुडच्या किनाऱ्यावर गाडी नेऊच नये. ओहोटीला पडणारी घट्ट पुळण पर्यटकांना मोह घालते. हिवाळ्यात दापोली-मंडणगडच्या या किनारपट्टीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वेळासने तर त्यांच्यासाठी नाव मिळवलं आहे. चाकाखाली दाबलेली वाळू आणि खोल चाकोरी पिल्लांना पार होत नाही. आणि खारं पाणी बॉल रेसचं काय करतं ते वर सांगितलंच.

गेल्या गणपतीत, हरतालिकेच्या दिवशी, मूर्ती गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्तिकाराकडून, आणायची होती आणि पाऊस उघडत नव्हता. पुतण्या मागे बसला, मांडीवर पाट, पाटावर मूर्ती, वरून प्लास्टिक. त्याला समोरचं काही दिसत नव्हतं. आदल्या रविवारी मी कोनसेट सोडून, साफ करून, नवं ग्रीस भरून बसवला होता आणि बोटाने हँडल दोन्हीकडे पाडून बघितलं होतं. पहिला गिअर, हाफ क्लच, काटा जेमतेम हललेला. वळणावर गडग्याच्या सावलीत शेवाळ होतं. पुढचं चाक त्याच्यावर आलं तसं हँडल क्षणभर पोकळ झालं, हाताला स्पष्ट कळलं, मी वळण थोडं सोडून दिलं आणि गाडी सरळ जाऊ दिली. दोन हात पुढे गेल्यावर ते पुन्हा भरीव लागलं.

“काका, बेडं आलं काय?” मागून विचारणा झाली.

“आलं,” मी म्हटलं, आणि पाय खाली टेकला.